गॉलमला ओळखायचंय? आधी ‘द हॉबिट’ वाचा

डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदानप्रदान सोहळ्यात मला टॉल्किनचं ‘द हॉबिट’ मिळालं. त्याचंच ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, म्हणजे मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणलेलं ‘स्वामी मुद्रिकांचा’, मी आधीच वाचलं होतं. त्यातला गॉलम मला नुसता कपटी वाटायचा.

‘हॉबिट’ ही ‘स्वामी मुद्रिकांचा’च्या आधीची कथा. लोकलमध्ये पाचवं प्रकरण वाचलं आणि गलबलून आलं. अंधाऱ्या गुहेतल्या तळ्यात एकटा राहणारा हा जीव कथेचा नायक बिल्बो याच्याशी कोड्यांचा खेळ खेळतो. शेवटी बिल्बोच्या हातात तलवार असते, गॉलम समोर असतो. पण त्याचं एकाकी जगणं डोळ्यांपुढे येतं आणि बिल्बो वार न करता त्याच्यावरून उडी मारून निसटतो.

गंमत म्हणजे १९३७च्या पहिल्या आवृत्तीत दयेचा हा प्रसंग नव्हताच! तिथे बिल्बो खेळ जिंकला तर गॉलम आपली जादूची अंगठी बक्षीस म्हणून देणार असतो. ती सापडत नाही, तेव्हा माफी मागून बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढच्या कथेशी मेळ बसावा म्हणून टॉल्किनने १९५१मध्ये हे प्रकरण बदललं. मग पहिल्या आवृत्तीतली हकिकत ही बिल्बोने मारलेली थाप ठरली.

म्हणजे एका प्रकरणाने गॉलमही बदलतो, बिल्बोही.

आधी ‘हॉबिट’ वाचाच.