चुनखडीची पूड कशी होते?

बारामती-इंदापूरच्या जमिनीखाली काळा बेसाल्ट. राज्यातले चुनखडीचे मोठे साठे चंद्रपूर-यवतमाळकडे. तरीही बारामती एमआयडीसीतल्या डेअऱ्यांना दूध देणाऱ्या गाईंच्या खाद्यात कॅल्शियमसाठी चुनखडीची पूड पडतेच.

आधी जॉ क्रशर दगड फोडून खडी करतो. मग रेमंड मिल. मधल्या उभ्या दांड्याभोवती टांगलेले रोलर फिरताना बाहेर फेकले जातात, पोलादी कड्यावर दाबतात आणि मध्ये सापडलेली खडी चिरडते. खालून सोडलेली हवा पूड वर नेते. वरचा क्लासिफायर जाड कण पुन्हा खाली पाडतो. पूड किती बारीक निघणार हे मुख्यतः तोच ठरवतो, म्हणून मला गिरणीचा खरा कारागीर तोच वाटतो.

१ सेंटिमीटरचा घन १० मायक्रॉनच्या घनांत दळला, की पृष्ठभाग ६ वरून ६,००० चौरस सेंटिमीटर होतो. दळणाला लागणाऱ्या विजेचा बहुतांश भाग मात्र उष्णता होऊन जातो.

चुनखडीऐवजी क्वार्ट्‌झसारखी सिलिकायुक्त खनिजं दळताना उडणारी धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तिथे धूळ ओढणारे बॅग फिल्टर आणि कामगाराच्या तोंडावर योग्य मास्क असलाच पाहिजे. साधा रुमाल ही धूळ अडवत नाही.