बारा प्राणी, बारा राशी आणि एक मूल

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे लग्न जुळवताना ‘रास कोणती?’ असे विचारतात, तसे चिनी माणसे ‘प्राणी कोणता?’ असे विचारतात. त्यांच्याकडे प्रत्येक वर्षाला एक प्राणी नेमून दिलेला आहे : उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा व डुक्कर. शिवाय लाकूड, अग्नी, माती, धातू व पाणी ही पाच तत्त्वे दर दोन वर्षांनी पालटतात. दोहोंचे मिळून चक्र ६० वर्षांनी पूर्ण होते. प्रभव ते क्षय ही आपली संवत्सरेही ६०च आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे ही कल्पना फारशी परकी वाटत नाही.

या प्राण्यांची पाश्चात्त्य राशींशी सांगड घालण्याची हौस पुष्कळांना आहे. अमेरिकन लेखिका सुझान व्हाइट यांनी १२ प्राणी व १२ सूर्यराशी यांच्या जोड्या लावून १४४ स्वभावप्रकार वर्णिले. त्यांत आपली २७ नक्षत्रे मिसळली, तर प्रकार ३,८८८ होतील! वर्गवारी जितकी बारीक तितके वर्णन अचूक, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या पद्धतींचे आपसांत तरी पटते काय?

समजा, एक मूल ५ जानेवारी १९६६ रोजी जन्मले. त्या साली चिनी नववर्ष २१ जानेवारीला सुरू झाले. म्हणून चीनमध्ये ते सापाच्या वर्षातले. जपानने १८७३ पासून १ जानेवारी हाच वर्षारंभ मानला. म्हणून तेथे ते घोड्याच्या वर्षातले. पाश्चात्त्य गणिताने त्याची सूर्यरास मकर. आपल्या निरयन पंचांगात मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते, म्हणून धनू. त्यातून आपण ‘रास’ म्हणतो ती चंद्राची! शेर आणि हात यांची बेरीज होत नाही, तशीच ही गत.

आणि ज्यांना जन्मतारीखच ठाऊक नाही, त्यांचे काय? माझ्या आईच्या दाखल्यावर १ जून आहे. ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली. तिच्या वयाच्या कित्येकांची तारीख तीच. ३,८८८ खान्यांपैकी तिचा एकही नाही. तरी तिचा स्वभाव आम्हा घरच्यांना पुरता ठाऊक आहे.

हा सारा करमणुकीचा विषय असता, तर हसून सोडून देता आला असता. परंतु अग्नी व घोडा एकत्र येणाऱ्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, अशी जपानमध्ये समजूत होती. १९६५ साली तेथे सुमारे १८ लाख २४ हजार मुले जन्मली. १९६६ या अग्नि-अश्वाच्या वर्षी सुमारे १३ लाख ६१ हजार. आणि १९६७ साली पुन्हा १९ लाख ३६ हजार. मंगळ आहे म्हणून स्थळे परत जाताना पाहणाऱ्या आपल्याला याचे नवल वाटू नये.

६० वर्षांचा फेरा पुरा होऊन २०२६ हे तेच वर्ष येते. पद्धती दोन जोडा की दहा, त्या मुलीने अजून काहीच केलेले नसताना तिच्यावर निकाल देण्याचा अधिकार त्यांतून कोणालाही मिळत नाही.