रेव्हरंड नारायण शेषाद्री : वाङ्मयेतिहासातील एक दुर्लक्षित चरित्र

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती धर्मोपदेशकांचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी प्रथम ग्रंथांकडे जाते. 'यमुनापर्यटन' (1857) व 'अरुणोदय' (1888) यांमुळे बाबा पदमनजी, तर कवितेमुळे नारायण वामन टिळक वाङ्मयेतिहासात स्थिर झाले. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचा उल्लेख मात्र बहुधा धाकट्या भावाच्या प्रकरणापुरताच येतो. हे प्रकरण महत्त्वाचे आहे, यात शंका नाही. परंतु तेथेच थांबल्याने एका दीर्घ आयुष्याचा उत्तरार्ध आपल्या नजरेआड होतो.

नारायण यांनी 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन बंधू श्रीपत शेषाद्री परळीकर हाही त्या वेळी मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टाकडे धाव घेतली आणि न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी मुलाचा ताबा पित्याकडे दिला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मात्र मिशनऱ्यांशी अन्नव्यवहार घडला होता. प्रायश्चित्त देऊन त्याला स्वजातीत घ्यावे, अशी भूमिका बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतली व सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. न्यायालयाने मूल घरी पाठविले, तरी जातीत परत घेण्याचा अधिकार न्यायालयाकडे नव्हता, हा या वादाचा गाभा होय. परतण्याचा मार्ग कोणासाठी खुला असावा, हा प्रश्न श्रीपतच्या निमित्ताने विचारला गेला. जो परतणार नव्हता, त्या नारायणाचे पुढे काय झाले, याविषयी वाङ्मयेतिहास मौन बाळगतो.

नारायण शेषाद्री यांना 1854 मध्ये फ्री चर्चची धर्मोपदेशक-दीक्षा मिळाली. पुढे 1860 च्या दशकात त्यांनी आजच्या बीड जिल्ह्यालगतचे जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. हा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. जालन्यास लष्करी छावणी होती. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या उपदेशकाभोवती जमलेल्या मंडळींत मांग व महार समाजांतील कुटुंबांचा भरणा होता. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर या कुटुंबांसाठी 'बेथेल' ही वसाहत उभी राहिली. चर्च आणि शाळा यांइतकेच तेथे शेतीला महत्त्व होते. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना स्वतःचे गाव मिळावे, ही कल्पना त्यामागे दिसते. 1873 मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते उपस्थित होते. 1891 मध्ये समुद्रप्रवासात त्यांचे निधन झाले.

दोन्ही टप्पे एकत्र ठेवले म्हणजे या चरित्राचा अर्थ उलगडतो. मुंबईत प्रश्न होता जातीबाहेर पडलेल्या एका मुलाला आत घेण्याचा. जालन्यात प्रश्न होता मुळातच बाहेर ठेवलेल्यांच्या वस्तीचा. पहिला प्रश्न शास्त्रार्थाचा असल्याने सुशिक्षितांच्या वादात उमटला. दुसरा जमीन, पाणी आणि अक्षरओळख यांचा असल्याने वाङ्मयाच्या प्रचलित व्याख्येत मावला नाही. आश्रयदात्या दिवाणाच्या मर्जीवर व मिशनच्या पैशावर अवलंबून असणे, ही या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी.

म्हणूनच मराठवाड्यातील अभ्यासकांनी मिशनचे अहवाल, 'ज्ञानोदय'चे जुने अंक आणि स्थानिक मौखिक स्मृती एकमेकींशी ताडून पाहाव्यात. प्रबोधनाचा इतिहास मुंबई-पुण्याच्या छापखान्यांपुरता मर्यादित मानल्यास, ज्यांचे कर्तृत्व ग्रंथाऐवजी एका गावाच्या रूपाने उभे राहिले, अशी माणसे त्यातून वगळली जातात.