रबर विकत घेण्याआधी: दोन रबरांची तुलना नीट कशी करावी

फलटणसारख्या गावात टेबल टेनिस खेळणाऱ्याला बॅटचं रबर बदलायचं झालं, तर ते बहुतेक वेळा पुण्याहून आणावं लागतं किंवा ऑनलाइन मागवावं लागतं. चांगल्या रबराची एक शीट हजारांत जाते, आणि एकदा कापून ब्लेडवर चिकटवली की दुकानदार ती परत घेत नाही. त्यामुळे घरच्यांचे पैसे पाकिटावरच्या आकड्यांच्या आणि कुणाच्या तरी शिफारशीच्या भरवशावर खर्च होतात. शिफारस करणारा मनापासूनच सांगत असतो. पण त्याचं ब्लेड वेगळं, मनगट वेगळं, समोर खेळणारे वेगळे. त्याच्या हातात सोन्यासारखं चालणारं रबर तुमच्या हातात चेंडू टेबलाबाहेर घालवू शकतं. म्हणून तुलना आपली आपणच करायला हवी, आणि ती निःपक्षपाती हवी.

अशी तुलना कशी करतात हे फलटणमध्ये शेतीच्या निमित्ताने वर्षानुवर्षं होत आलं आहे. बी. व्ही. निंबकर यांनी 1968 साली इथे स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, करडईवर मोठं काम झालं; ‘नारी-6’ हा बिनकाट्यांचा वाण तिथलाच. नवा वाण खरंच सरस आहे का हे ठरवताना पीक-संशोधक तो एकटा पेरत नाहीत. शेजारी ओळखीचा जुना वाण पेरतात. पाणी, खत, पेरणीची तारीख सारखी ठेवतात. रान सगळीकडे सारखं नसतं, म्हणून एका वाफ्यावर विसंबत नाहीत. तेच वाण चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळ्या जागी पुन्हा पुन्हा पेरतात. एवढं करून जो फरक उरतो, तो वाणाचा. रबराची परीक्षाही याच रीतीने घ्यायची: एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि एकदाच करून थांबायचं नाही.

रबर काम कसं करतं

आज बहुतेक खेळाडू वापरतात ते रबर दोन थरांचं असतं. खाली स्पंज, वर टॉपशीट. टॉपशीटच्या एका अंगाला छोटे दाणे, म्हणजे पिंपल असतात. दाणे आत स्पंजाकडे वळवले की बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. हे आपलं नेहमीचं प्लेन रबर. दाणे बाहेर ठेवले की ते पिंपल रबर. नियमाप्रमाणे स्पंज, टॉपशीट आणि गोंद मिळून जाडी 4 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

चेंडू रबरावर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टेकलेला असतो. तेवढ्या वेळात काय घडतं हे फटक्याच्या जोरावर ठरतं. हलक्या पुशमध्ये चेंडू जेमतेम टॉपशीटमध्ये रुततो, तेव्हा काम टॉपशीटच्या पकडीचं. जोरदार लूपमध्ये तो स्पंज दाबून लाकडापर्यंत पोचू पाहतो, तेव्हा स्पंजाचा कडकपणा आणि ब्लेडचा स्वभाव दोन्ही बोलू लागतात. एकच रबर पुशला शांत आणि लूपला तुफान असू शकतं, ते यामुळे. ‘हे रबर फास्ट आहे’ या वाक्याचा अर्थ कोणत्या फटक्याला फास्ट हे सांगितल्याशिवाय लागत नाही.

तुलना एकाच जातीच्या रबरांची करावी. लांब पिंपल समोरून आलेली स्पिन बरीचशी तशीच परत पाठवतात आणि समोरच्याचा अंदाज चुकवतात. प्लेन रबर स्वतःची स्पिन तयार करतं. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचं सुवर्णपदक मिळवणारी मनिका बत्रा बॅकहँडला लांब पिंपल वापरते. तिचं पाहून बॅकहँडला पिंपल लावण्याचा मोह अनेक मुलांना होतो. पण त्या रबराभोवती तिचा अख्खा खेळ वर्षानुवर्षं घडलेला आहे. प्लेन की पिंपल हा खेळाच्या शैलीचा प्रश्न आहे आणि तो प्रशिक्षकाशी बोलून सोडवावा. दुकानात निवडायचं ते त्या जातीतलं कोणतं रबर, एवढंच.

पाकिटावरचे आकडे

पाकिटावर स्पीड, स्पिन, कंट्रोल यांचे आकडे असतात. प्रत्येक कंपनी ते आपापल्या मोजपट्टीने देते. एकाच कंपनीच्या दोन रबरांत ते उपयोगी पडतात; एका कंपनीचा 9 आणि दुसरीचा 9 यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

कडकपणाच्या अंशांचंही तसंच. बटरफ्लायच्या टेनर्जी 05 चा स्पंज 36 अंशांचा, डीएचएसच्या हरिकेन 3 चा 39-40 च्या आसपास, आणि जर्मन बनावटीची अनेक रबरं 45 ते 50 अंशांची. नुसते आकडे वाचणाऱ्याला जर्मन रबर सगळ्यांत कडक वाटेल. प्रत्यक्षात मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, आणि चिनी मोजपट्टीवरचं 40 अंशांचं हरिकेन हाताला चांगलंच कडक लागतं.

मिलिमीटर मात्र सगळीकडे सारखा. म्हणून स्पंजाची जाडी आधी जुळवून घ्या. एक रबर 1.8 आणि दुसरं 2.1 मिलिमीटरचं असेल, तर तुम्ही दोन जाड्यांची तुलना कराल, दोन रबरांची होणारच नाही.

काय काय सारखं ठेवायचं

सगळ्यांत जास्त फसगत होते ती जुन्या-नव्याच्या तुलनेत. वर्षभर वापरलेल्या रबराची पकड गेलेली असते. त्याच्यासमोर कुठलंही नवं रबर जिंकतं. खेळाडूला वाटतं नवी कंपनी भारी, आणि खरी करामत नवेपणाची असते. जुनं रबर आवडत असेल तर त्याचीच नवी शीट नव्या रबराशी ताडून पाहा.

ब्लेड एकच हवं. एकाच नावाच्या दोन ब्लेडच्या वजनात काही ग्रॅमचा फरक सहज असतो, आणि लाकूड शेवटी लाकूड आहे. चेंडूही त्याच कंपनीचे, तेवढेच वापरलेले असावेत. कोऱ्या प्लास्टिक चेंडूवर बारीक भुकटी असते आणि तो थोडा घसरतो. चाचणीआधी ते पुसून घ्यावेत. उन्हाळ्यात उघड्या खिडक्यांतून येणारी धूळ रबरावर बसते आणि पकड कमी करते, म्हणून प्रत्येक फेरीआधी दोन्ही रबरं ओलसर स्पंजाने सारखी पुसून, वाळू देऊन मगच खेळायचं. पावसाळी दमट संध्याकाळी एक आणि कोरड्या दुपारी दुसरं, असं कधीच करू नये.

वजनही मोजावं. कापलेली शीट साधारण 40 ते 50 ग्रॅमची असते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा किंवा ओळखीच्या सोनाराचा काटा यासाठी पुरतो. पाच ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात; बॅटच्या डोक्याकडे वाढले की तासाभराने खांद्याला कळतात. एखादं रबर ‘स्लो’ वाटण्याचं कारण कधी कधी एवढंच असतं की जड बॅट हातून तितक्या वेगाने फिरत नाही.

गोंद पाण्याचा, आणि थर दोन्हीकडे सारखे. रबर फुगवणारं तेल लावणं नियमात बसत नाही आणि तुलनाही नासवतं. काही रबरं कारखान्यातूनच फुगवून येतात आणि पहिले काही दिवस जरा जास्त उसळतात. त्यामुळे दोन्ही शीटवर काही तास साधा सराव होऊ द्यावा, मगच मोजमापाला लागावं.

एका बॅटवर दोन रबरं

सोपी युक्ती अशी: एका ब्लेडच्या दोन बाजूंना दोन रबरं लावायची, एक काळं, दुसरं लाल. नियमाने एक बाजू काळी हवीच, त्यामुळे ही बॅट सामन्यातही चालते. सरळ किंवा फुगीर मुठीची बॅट हातात उलटी केली की त्याच फोरहँडने दुसरं रबर खेळता येतं. ब्लेड तेच, मूठ तीच, एकूण वजन तेच. बदलतं फक्त चेंडूला लागणारं रबर.

नावाचा प्रभाव काढून टाकणं तितकंच महत्त्वाचं. महागडं नाव दिसलं की हात आपोआप जास्त विश्वासाने फिरतो. रबरं मित्राला चिकटवायला सांगा. मुठीजवळ छापलेल्या नावांवर त्याने कागदी टेप लावावी आणि कोणत्या रंगाचं रबर कोणत्या कंपनीचं हे शेवटपर्यंत सांगू नये. तुमच्यासाठी ती फक्त ‘काळं’ आणि ‘लाल’. टेप सरावापुरतीच, सामन्याआधी काढायची.

टेबलावर

आधी साधी उसळी पाहा. बॅट टेबलावर घट्ट धरून 30 सेंटिमीटरवरून चेंडू सोडा आणि मागे पट्टी उभी धरून मोबाइलवर चित्रण करा. प्रमाणित टेबलावर 30 सेंटिमीटरवरून पडलेला चेंडू 23 सेंटिमीटरच्या आसपास उसळतो, ते मोजणीचं ओळखीचं माप. बॅटवरची उसळी हलक्या फटक्यांबद्दल आणि आखूड रिसीव्हबद्दल सांगते. जोरदार लूपबद्दल ती काही सांगत नाही.

मग फटके. समोरच्या टेबलावर एन्डलाइनजवळ कोपऱ्यात एक ए-फोर कागद चिकटवा. एकच जोडीदार, एकाच प्रकारचे चेंडू. फटके पाच: साधा ड्राइव्ह, टॉपस्पिनवर ब्लॉक, बॅकस्पिनवर लूप, आखूड पुश आणि सर्व्हिस. प्रत्येक फटक्याचे वीस चेंडू. वहीत तीन रकाने: टेबलावर किती, कागदावर किती, चुकलेले कुठे गेले.

तिसरा रकाना सगळ्यांत बोलका. बॅकस्पिनवरचे लूप एका रबराने नेटमध्ये आणि दुसऱ्याने टेबलाबाहेर जात असतील, तर दुसरं रबर चेंडू जास्त उंच फेकतं, म्हणजे त्याचा थ्रो जास्त आहे. हा दोष नव्हे. बॅटचा कोन थोडा मिटवला की तेच रबर बरोबर बसेल. पण आपल्याला तो कोन बदलायचा आहे का, हे विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

स्पिन मोजायला सर्व्हिस वापरा. आखूड बॅकस्पिन सर्व्हिस करा आणि जोडीदाराला चेंडूला हात लावू देऊ नका. चांगली स्पिन बसली तर दुसऱ्या बाजूला चेंडू मंदावतो, जागीच थबकतो किंवा नेटकडे परत वळतो. वीस सर्व्हिसपैकी किती वेळा वळला ते लिहा. नंतर उलट बाजू पाहा: जोडीदाराच्या जड स्पिनला रबर किती दाद देतं? जास्त पकडीचं रबर आपली स्पिन वाढवतं तसं समोरच्याच्या स्पिनलाही जास्त फसतं. रिसीव्ह कच्चं असलेल्या खेळाडूसाठी हा मुद्दा लूपच्या वेगाहून मोठा आहे.

क्रम काळं-लाल-लाल-काळं असा ठेवा. पहिल्या फेरीत हात थंड असतो आणि शेवटच्या फेरीत दमलेला. या क्रमात या दोन्ही फेऱ्या काळ्याच्या वाट्याला येतात. म्हणून पुढच्या संध्याकाळी लाल आधी घ्या, म्हणजे वाटा सारखा होईल. विसात पंधरा आणि विसात सोळा यांत फरक धरू नका, तो नशिबाचा भाग असतो. तीन-चार संध्याकाळी एकच रबर पुढे राहिलं, तरच त्यावर विश्वास ठेवा.

समोरचा खेळाडूही चाचणीचा भाग

टेबल टेनिसच्या इतिहासातला रबराचा सगळ्यांत मोठा धक्का आपल्याच राज्यात बसला. फेब्रुवारी 1952 मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. आशियात ती पहिल्यांदाच भरली होती. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला आणि हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून विश्वविजेता झाला. तोवर खेळाडू दाणेदार रबरावरच्या ‘टक’ आवाजावरून फटक्याचा अंदाज घेत. सातोच्या स्पंजाने तो आवाजच गिळला. पुढे 1959 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने रबराची जाडी आणि प्रकार नियमांत बांधले आणि नुसता स्पंज बाद झाला.

त्या विजयात सातोचं कौशल्य किती, स्पंजाचा वेग किती आणि समोरच्यांचा अनोळखीपणा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. आपल्या हॉलमध्येही हेच घडतं, विशेषतः पिंपलच्या बाबतीत. नवं रबर लावल्यावर पहिल्या आठवड्यात नेहमीचे जोडीदार पटापट हरतात. त्यांना सवय झाली की गुण पूर्ववत होतात. म्हणून सामन्यांचा निकाल महिनाभर थांबून पाहावा.

पैशाचा हिशेब

किंमत शीटची धरू नका, खेळलेल्या महिन्याची धरा. समजा एक रबर 5,000 रुपयांचं आणि चार महिने टिकणारं, दुसरं 2,500 चं आणि पाच महिने टिकणारं. पहिलं महिन्याला 1,250 ला पडतं, दुसरं 500 ला. वहीतला फरक एवढ्या पैशांचा आहे का, हे मग स्वतःला विचारा. सामने खेळायचे असतील तर मुठीजवळ आंतरराष्ट्रीय महासंघाचं चिन्ह आणि मान्यता क्रमांक छापलेला आहे ना, आणि ते नाव सध्याच्या मान्य यादीत आहे ना, हेही तपासा. चिन्ह पुसट असेल किंवा किंमत संशय यावा इतकी कमी असेल, तर ती शीट घेऊ नये.

एकट्या कुटुंबाला दोन-तीन रबरं चाचणीसाठी विकत घेणं परवडत नाही. पण एकाच हॉलमध्ये खेळणारे चौघे मिळून प्रत्येकी वेगळी शीट मागवू शकतात, क्लबचं एक ब्लेड चाचणीसाठी बाजूला ठेवू शकतात आणि निकालांची एक वही सगळ्यांसाठी उघडी ठेवू शकतात. जाहिरातीने आणि ऐकीव माहितीने जे सांगितलं नाही, ते त्या वहीत दोन हंगामांत जमा होईल. पुढच्या वेळी रबर मागवण्याआधी आपल्या हॉलमध्ये ही वही सुरू करा.