पांघरूण

1998 साली आमच्या अण्णांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी उच्चारलेले एक वाक्य मी अद्याप विसरलेलो नाही : "आता करण्यासारखं काही राहिलं नाही. घरी घेऊन जा." व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य अगदी निर्दोष! पुढचे तेवीस दिवस मात्र अण्णा कण्हत होते आणि आई रात्ररात्र त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत होती.

त्या डॉक्टरांना मी बोल लावीत नाही. जे शिकवलेच नाही, ते त्यांना यावे कसे?

यंदाच्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. "सर, आमच्या मुलांना वाईट बातमी मराठीत सांगता येत नाही. सरावासाठी रोग्याचा नातेवाईक व्हाल का?"

तिचा विषय 'पॅलिएटिव्ह केअर'. या शब्दाचे मूळ लॅटिन 'पॅलिअम', म्हणजे अंगावरचा झगा. रोग हटत नसला, तरी वेदनेवर पांघरूण घालता येते, हा त्यातला भाव. सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि 1957 साली डॉक्टर झाल्या. शरीराच्या वेदनेत मनाची, घरादाराची नि श्रद्धेचीही वेदना मिसळलेली असते, हे त्यांनी ओळखले आणि 1967 साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. आपल्याकडे वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 सालचे. टाटा रुग्णालयात या विषयाची एम.डी. 2012 साली सुरू झाली. आणि 2019 पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे पाठ आले.

मॉर्फीनविषयीही तिने सांगितले. दुखू लागण्याची वाट न पाहता, ठरल्या वेळी तोंडावाटे देत गेले, तर कर्करोगाची बहुतेक वेदना आटोक्यात राहते. परंतु 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे परवान्यांचे असे जंजाळ माजले, की कित्येक डॉक्टरांनी हे औषध कधी लिहून दिलेच नाही. 2014 साली कायदा सुधारला. हाताला लागलेली भीती मात्र शिकवूनच जायची.

सराव सुरू झाला. समोर बाविशीतला एक मुलगा. तो उभ्याउभ्याच 'मेटास्टॅसिस' वगैरे बोलू लागला. मी ठरल्याप्रमाणे म्हणालो, "डॉक्टर, वडिलांना यातलं काही सांगू नका हं!" मुलगा गडबडला.

मराठीत 'पांघरूण घालणे' याचा दुसरा अर्थ आहे लपवणे. आपण नेमके उलटे करतो : वेदना उघडी ठेवतो आणि सत्यावर पांघरूण घालतो.

विद्यार्थिनीने त्याला थांबवले. "आधी खुर्ची ओढून बस. त्यांना काय ठाऊक आहे ते विचार. सांगू नका म्हणतात, त्यामागची भीती विचार. मग बोल."

मुलगा बसला. त्याने विचारले, ऐकले, थोडा वेळ गप्प राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, हा आजार बरा होणार नाही. पण त्यांचं दुखणं आपण कमी करू शकतो. ते आम्ही करू. त्यांना किती जाणून घ्यायचंय, ते त्यांनाच विचारू या."

पुढचे वाक्य माझे होते. ते मला बोलता आले नाही.

घरी आलो. आईने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "अण्णांना मिळालं असतं का रे ते औषध?"

'नाही' म्हणणे किती सोपे होते! पण दुपारीच धडा शिकून आलो होतो. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. "मिळवायला कठीण गेलं असतं. पण मिळालं असतं, आई."

ती बराच वेळ माझा हात धरून बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "पुन्हा बोलावलं तर जात जा. नीट शिकू देत पोरांना."