‘इतर’मध्ये दडलेलं दुकान

दुकानात आलेलं गिऱ्हाईक गप्प बसत नाही. पाकीट उलटंपालटं करतं, नाकाशी नेतं, ‘ताई, तिखट किती आहे हो?’ म्हणून विचारतं. ऑनलाइन दुकानात यातलं काहीच नाही. बाई मोबाइलवर फोटो बघते, शंका आली की पुढे सरकते. ती येऊन गेली हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

आमच्या बचत गटाची वेबसाइट दोन वर्षं अशीच चालली. दिसायला झकास, पण विभाग तीनच: मसाले, पिठं आणि इतर. ‘इतर’मध्ये मेतकूट, कुरडया, डिंकाचे लाडू, फुलवाती, सगळा संसार! ऑर्डरी मात्र फोनवरच यायच्या आणि प्रश्नही तेच तेच. मग आम्ही एक वही घातली. महिनाभर आलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहिला. नवी पानं त्या वहीतूनच निघाली.

वही वाचताना एक गोष्ट लक्षात आली. आम्ही माल लावला होता तो करणारीच्या सोयीने. गिरणीतून आलं ते पीठ, डंकावर कुटलं तो मसाला. घेणारी असं विचारतच नाही. ती विचारते, ‘उपवासाचं काय आहे?’, ‘लेक बाळंतीण झालीय, तिला काय पाठवू?’ म्हणून विभागांची नावं तशीच ठेवली: उपवासाचं, बाळंतिणीसाठी, वाळवण, रोजचे मसाले, दिवाळीची तयारी. राजगिऱ्याचं पीठ उपवासातही दिसतं आणि पिठांतही. खऱ्या फडताळात एक डबा दोन ठिकाणी ठेवता येत नाही, इथे येतो. (लाडवांखालचं ‘कंबरदुखीवर रामबाण’ मात्र मी काढायला लावलं. लाडू म्हणजे औषध नव्हे.)

सगळ्यात जास्त घोळ भाजणीचा. पानावर नुसतं ‘भाजणी, अर्धा किलो’. आता भाजणी थालीपिठाची, चकलीची की उपवासाची? ज्वारी-बाजरीची थालीपिठाची भाजणी मागवून कुणी चकल्या पाडायला बसली, तर दिवाळीच्या तोंडावर तिचं तेलही वाया आणि आमचं नावही. आता तिन्हींची पानं वेगळी. प्रत्येकीखाली काय काय घातलंय, वाटीभर पिठाला पाणी किती, मोहन किती, हे आमच्या काकूंच्या शब्दांत. त्या ‘अंदाजाने’ म्हणायच्या. त्यांच्यासमोर वाटी ठेवून मोजून घेतलं!

एका फोनने मात्र सगळ्याच गप्प झालो. एका आईने विचारलं, ‘पापडात गहू आहे का? मुलाला चालत नाही.’ त्या मुलाला सिलिअ‍ॅक होता. गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते, चिमूटभरही नको. पापड उडदाचे, तेव्हा ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात काकूंनी हिंगाची डबी आणली. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. आमच्या डबीवरही ते बारीक अक्षरात होतं. ‘नका घेऊ,’ असं त्या आईला सांगितलं. त्या दिवसापासून प्रत्येक पदार्थाच्या पानावर घटकांची पूर्ण यादी आहे आणि हिंगात गहू असल्याचं वर ठळक लिहिलं आहे. एक ऑर्डर गेली, जाऊ दे.

बाकी कामं भराभर झाली. ट्यूबलाइटखाली कांदा-लसूण मसाला काळपट दिसायचा, म्हणून फोटो सकाळी अंगणात काढले. पाकिटाशेजारी चमचा ठेवला, म्हणजे आकार समजतो. फोटो हलके केले, कारण गावाकडे नेट रडतं. वजन, कमाल किंमत, करणाऱ्याचं नाव-पत्ता पानावर देणं तर १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीला कायद्यानेच बंधनकारक आहे. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही टाकला. टपालखर्च किमतीखालीच लिहिला. शेवटच्या पायरीवर अचानक साठ रुपये वाढलेले कुणाला आवडतात?

आता फोन कमी येतात आणि येतात ते ‘पार्सल कधी निघालं?’ विचारायला. फक्त फुलवाती अजून कुठल्याच विभागात बसत नाहीत. काकू म्हणतात, दिवाळीत घाला. मी म्हणते, अहो, वाती रोज लागतात.