पिंपातल्या अळ्या आणि वस्तीवरचा ठपका

डेंग्यूचा रुग्ण सापडला की कर्मचारी वस्तीत येतात, पिंपात बॅटरीचा झोत टाकतात आणि अळ्या दिसल्या की घरच्या बाईला दरडावतात, 'घाण तुम्हीच करता.' वस्तीत बैठकीला गेलो की ही तक्रार आम्हाला हमखास ऐकू येते. आमचा प्रश्न साधा आहे. पूर्णा नदीवरचे सिद्धेश्वर धरण आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. मग आमच्या मायबहिणींना पिंप भरून का ठेवावे लागते? नळाचा भरवसा नाही म्हणून!

आधी विज्ञान समजून घेऊ. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास प्रामुख्याने रांजण, पिंप, सिमेंटची टाकी, कूलर, फेकलेले टायर अशा लहान साठ्यांत वाढतो. पाणी दिसायला स्वच्छ असते. मादी पाण्याच्या कडेला, ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. अळ्या पाण्यातले सूक्ष्मजीव, शेवाळ, कुजलेला पाला खातात. चार वेळा कात टाकली की कोष आणि कोषातून डास. ऊब आणि खाणे मुबलक असेल तर हे सारे आठ-दहा दिवसांत उरकते.

एकाच पिंपात अळ्यांची दाटी झाली की खाणे अपुरे पडते. वाढ रेंगाळते, कित्येक अळ्या मरतात, उरलेल्यांतून बारके डास निघतात. बारकी मादी अंडी कमी घालते. पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नये. तिला एका चाव्याचे रक्त पुरत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे.

खरी मेख पुढे आहे. औषध अर्धवट पडले, निम्म्या अळ्या मेल्या, तर मेलेल्यांच्या वाट्याचे खाणे उरलेल्यांना मिळते. त्या लवकर वाढतात, धष्टपुष्ट होतात. कधी कधी तर पहिल्यापेक्षा जास्त डास बाहेर पडतात. म्हणजे चार थेंब टाकून फोटो काढण्याची मोहीम उलटूही शकते. उपाय पूर्ण हवा. दर सात दिवसांनी भांडे रिकामे करून आतली भिंत घासायची, कारण कोरडी अंडी अनेक महिने जिवंत राहतात. मग वाळवून, भरून, वर कापड घट्ट बांधायचे. रिकामा होत नाही अशा हौदात गप्पी मासे सोडायचे.

पण नळ आठ-आठ दिवस येणार नसेल तर भरलेले पिंप ओतून देणार कोण? इथे कायदा बोलतो. राज्यघटनेच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, पैसा नाही ही सबब सांगून नगरपालिकेला स्वच्छतेची जबाबदारी झटकता येणार नाही. तो खटला ज्या कलमाखाली उभा राहिला, तीच तरतूद आज भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे.

तेव्हा वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी एक वही घालावी. नळ कोणत्या तारखेला आला, किती वेळ चालला, फवारणीवाले कधी आले, सगळे लिहावे. महिनाअखेर सह्यांचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पिंप घासणे आमचे काम, ते आम्ही करूच. नळाला नियमित पाणी सोडणे प्रशासनाचे काम आहे, ते त्यांनी करावे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मागितला होता. पोच घेतलेला अर्ज ही त्याच मागणीची आजची पायरी आहे.